देणाऱ्याचं नाव

दारजी, तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले. बारा दिवसांपूर्वी तुमची गुरप्रीत दुकानात आली होती. रावेतहून स्कूटरवर आली, हेल्मेट काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "काका, गुरुद्वाऱ्याच्या भिंतीवर पप्पांचंच काही नाहीये. सगळ्यांच्या घरी जाऊन फोटो मागितले आणि स्वतःचा एक दिला नाही. तुमच्याकडे असेल ना एखादा? इथे नवीन आले तेव्हाचा?"

मी म्हणालो, बघतो. काळेवाडीत चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवलेल्या माणसाला आपलीच निगेटिव्ह कुठल्या डब्यात आहे हे माहीत नसेल का? मला ती डोळे मिटून काढता आली असती. पण तुमची ती निगेटिव्ह जाळून टाकली, असं मी तुम्हाला गेल्या वर्षी शपथेवर सांगितलं होतं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, मला जिलेबी आणून दिलीत आणि विषय संपवलात. दारजी, मी खोटं बोललो होतो. ती निगेटिव्ह अजून माझ्याकडे आहे.

हे तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. आता कागदावर सांगतोय, कारण आता तुम्ही ओरडणार नाही. तुमचं ओरडणं काय होतं ते तुमच्या इथल्या सगळ्या वर्कशॉपला ठाऊक आहे. लेथवरचा एक जॉब केसभर मोठा झाला तर भोसरीपर्यंत ऐकू जायचं.

तुम्हाला मी दारजी का म्हणायचो, हे मलाच नीट सांगता येणार नाही. दारजी म्हणजे वडील, आणि तुम्ही माझ्यापेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठे. पण गल्लीतली पोरं म्हणायची, मग दूधवाला म्हणायला लागला, मग मी. तुमच्या बायकोला मात्र मी पहिल्यापासून भाभीजी म्हणतो. यावरून तुम्ही मला किती पिडलंत. "बाप आनि भाभी? वसंता, तुझ्या नात्यात कायतरी घोटाळा हाय." इतकी वर्षं इथे काढल्यावर तुमचं मराठी गल्लीतल्या जुन्या घरांसारखं झालं होतं, माझ्यापेक्षा गावाकडचं. मी सातारचा असून मला "शुद्ध बोल की रे" म्हणून तुम्हीच हिणवायचात.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही दुकानात येऊन स्टुलावर बसलात आणि म्हणालात, "आपन इथं कसे आलो, हे कुनालाच ठाऊक न्हाई. जे सांगू शकतात ते एकेक करून चाललेत." गुरुद्वाऱ्याच्या वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती. तिथे, पंजाबातून आणि कुठून कुठून या पट्ट्यात आलेल्या शीख घरांची हकिकत जमवायची, असं तुमच्या डोक्यात बसलं. मला वाटलं, एखादा मोठा माणूस धराल, कुणा प्रोफेसरला बोलवाल. तुम्ही म्हणालात, लंगरचं पीठ कोण आणतं? ज्याच्या घरी जेवढं असेल तेवढं तो आणतो. ही खोलीही तशीच भरेल.

आणि भरली. दर रविवारी दिवाण, म्हणजे कीर्तन-अरदास, संपला की जिन्याशेजारी टेबल मांडून आपण दोघं बसायचो. तुम्ही विचारायचात, मी लिहायचो आणि आणलेल्या फोटोची कॉपी काढून अस्सल फोटो तिथल्या तिथे परत द्यायचो. तुमचे प्रश्न तीनच. कुठून निघालात, कुठे उतरलात आणि इथे पहिली भाकरी कुणाच्या हातची खाल्लीत. पहिल्या दोन प्रश्नांना लोक गावाचं आणि स्टेशनचं नाव सांगून मोकळे व्हायचे. तिसऱ्याला थांबायचे. मग खुर्ची पुढे ओढून बसायचे आणि तासभर उठायचे नाहीत. मला आधी तो प्रश्न उगाचच वाटला होता. तुम्हाला माणसं बोलती करता यायची, हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर महिनाभर तेच ऐकवलं असतंत.

तुमचा नियम एकच, पण कडक. ज्याची गोष्ट, त्यानेच द्यायची. प्रत्येक फोटोखाली "देणार" असं लिहून देणाऱ्याचं नाव. एकदा एक सूनबाई सासऱ्यांची जुनी पत्रं पिशवीत घालून गुपचूप घेऊन आली. तुम्ही ती वाचलीसुद्धा नाहीत. "बेटा, बाबूजींना विचार. ते देतील तर त्यांच्या नावाने ठेवू." ती पत्रं काही परत आली नाहीत. मी हळहळलो. तुम्ही म्हणालात, न दिलेली गोष्ट पण त्याचीच असती.

आणि माझे ते हार. ते तरी कसे विसरू? खोलीत पहिले बावीस फोटो लागले तेव्हा मला वाटलं, आपल्याकडूनही काहीतरी शोभेचं व्हावं. मी पिंपरीच्या फूलबाजारात जाऊन झेंडूचे बावीस हार आणले आणि दिवाण सुटायच्या आत प्रत्येक फ्रेमला एकेक घातला. खोली काय सुंदर दिसत होती. मग तेजकौर बीजींना चौघांनी खुर्चीसकट वर आणलं. नव्वदी ओलांडलेल्या त्या, फाळणीनंतर पोरवयात पिंपरीच्या निर्वासित कॅम्पात आलेल्या. समोर त्यांच्याच लग्नाचा फोटो, हार घातलेला. त्यांनी बघितलं आणि मला विचारलं, "वसंता, मला कधी नेलं रे? मला कुणी सांगितलं पण नाही." बावीसपैकी नऊ माणसं धडधाकट होती आणि त्यातली सात त्या खोलीत उभी होती. तुम्ही हसून हसून जिन्यावर बसलात ते बसलातच. मी हार उतरवत होतो आणि माझा डोक्यावरचा रुमाल घसरत होता. त्यावरून जोगिंदरसिंग ओरडले, "डोकं झाक आधी."

जोगिंदरसिंग. त्यांच्याबद्दल इथेच सांगायला हवं. चाकणला त्यांचा ट्रान्सपोर्टचा व्यवसाय, गुरुद्वाऱ्याच्या कमिटीत शब्दाला वजन, उंची अशी की दाराला वाकायला लागतं. रीत म्हणजे रीत. तुम्ही आणि ते एकाच पंगतीत शेजारी बसून चाळीस वर्षं जेवलात. तुम्ही कुणालाच भीत नव्हता, कंपनीच्या परचेसवाल्या साहेबालाही नाही. पण जोगिंदरसिंगांसमोर तुमचा आवाज खाली यायचा. कारण मला ठाऊक होतं. या शहरात ते ठाऊक असलेले आम्ही दोघंच होतो, भाभीजी आणि मी.

चौऱ्याऐंशीचा हिवाळा होता. मी चोवीस वर्षांचा, नुकतं दुकान टाकलेलं. तुम्ही आत आलात ते लोकरीची टोपी घालून. भोसरीतल्या वर्कशॉपच्या गेटपाससाठी पासपोर्ट साइज फोटो हवा होता. नाव विचारलं तर थोडं थांबून म्हणालात, कुलदीप शर्मा. मी टोपी काढायला सांगितली. तुम्ही काढली. लाइट लावून कॅमेऱ्यातून बघितलं आणि माझ्या लक्षात आलं. भुवयांपर्यंतचा चेहरा उन्हाने रापलेला आणि वरचं सगळं कपाळ गोरंपान. वर्षानुवर्षं ज्यावर ऊन पडलं नाही असं कपाळ. हनुवटीही तशीच. केस कुणीतरी घाईघाईने कापलेले, कानामागे एक बट राहून गेलेली.

मी काही विचारलं नाही. प्रिंट काढताना मात्र कपाळाला आणि हनुवटीला थोडा जास्त लाइट दिला; कागदावर जास्त लाइट पडला की तेवढा भाग काळवंडतो, म्हणजे सगळं एका रंगाचं दिसेल. गेटवरचा वॉचमन माझ्याइतकं बारीक बघणार नाही, हे मलाही कळत होतं. तरी केलं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. उपकार केल्यासारखं वाटलं असतं.

दोन वर्षांनी तुम्ही परत आलात. पगडी, दाढी, सोबत भाभीजी आणि अडीच-पावणेतीन वर्षांची गुरप्रीत. "फॅमिली फोटो काढ," म्हणालात, "आनि आता नाव लिही कुलदीपसिंग." फोटो झाल्यावर भाभीजींना आणि पोरीला पुढे पाठवून तुम्ही बाकावर बसलात आणि सांगितलंत. उत्तरेतलं ते शहर, शिखांविरुद्धची ती दंगल. गल्लीच्या तोंडाशी जमलेली माणसं, त्यातले दोघं ओळखीचे. घरात लपून काढलेले तीन दिवस, कापलेले केस, उसनं नाव. इथे आल्यावर ते परत वाढेपर्यंत तुम्ही गुरुद्वाऱ्याची पायरी चढला नव्हतात. मग पुन्हा अमृत घेऊन रीतसर शीख झालात. जिवाचं भय वाटलं याची तुम्हाला लाज नव्हती. केस दिले याची होती. "तो फोटो कुनाला दाखवू नको," म्हणालात. मी हो म्हणालो, आणि पस्तीस वर्षांहून जास्त पाळलं.

मग ही खोली सुरू झाली आणि माझ्यातला फोटोवाला स्वस्थ बसेना. तुमच्या टेबलावर लोक आपली दुखणी काढून ठेवत होते आणि तुम्ही मात्र कोरडे. मी कधी विषय काढला की तुम्ही म्हणायचात, "लंगरात वाढनाऱ्यानं शेवटी बसायचं असतं. सगळ्यांचं होऊ दे." मी म्हणायचो, पंगत उठत आली दारजी. तुम्ही हसून दुसरं काहीतरी बोलायचात.

गेल्या वर्षीच्या त्या बैठकीनंतर मात्र हसण्यावारी गेलं नाही. बैठकीत चौऱ्याऐंशीनंतर आलेल्या घरांचा विषय निघाला आणि जोगिंदरसिंग म्हणाले, "जे टिकले त्यांची गोष्ट भिंतीवर लावू. जे डगमगले त्यांची कशाला? पोरांनी काय शिकायचं त्यातून?" तुम्ही पाण्याचा पेला उचललात आणि न पिता खाली ठेवलात.

दुसऱ्या दिवशी दुकानात आपलं भांडण झालं. मी म्हणालो, तुमचा फोटो लावलात तर हा प्रश्नच मिटेल. सगळ्यांना मान असलेला माणूस म्हणेल, मीही डगमगलो होतो. तुम्ही म्हणालात, "तुझं काय जातंय? तुझ्या डोक्यावरून रुमाल घसरला तर तू परत बांधतोस." मी म्हणालो, हा इतिहास आहे. तुम्ही म्हणालात, "इतिहास न्हाई, माझी अब्रू हाय. ती निगेटिव्ह जाळ. माझ्यासमोर नको, पण जाळ." तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढ्या वर्षांत ते मी पहिल्यांदा बघितलं आणि मला माझीच शरम वाटली.

आठ दिवस तुम्ही दुकानासमोरून गेलात पण आत आला नाहीत. नवव्या दिवशी मीच वर्कशॉपवर येऊन सांगितलं, जाळली. पुढचं वर सांगितलंच आहे.

का नाही जाळली? खरं सांगतो, आगपेटी हातात घेतली होती. पण निगेटिव्ह बघायच्या काचेच्या दिव्यावर ती शेवटची म्हणून बघितली आणि त्या तेहेतीस वर्षांच्या माणसाला काडी लावायला मन होईना. तो माझ्या दुकानात घाबरून आला होता. त्याला मी सांभाळलं होतं. तुम्हाला तो नको होता, पण मला तो आवडायचा, दारजी. आपली ओळख त्याच्यामुळेच झाली.

तर गुरप्रीत गेली आणि मी अडकलो. फोटो द्यावा तर तुमचा शब्द मोडतो, आणि तुमचाच नियम, ज्याची गोष्ट त्याने द्यायची. न द्यावा तर तुम्ही ज्या भिंतीसाठी जीव टाकलात तिच्यावर तुम्हीच नाही. दोन दिवस एका गिऱ्हाइकाचे फोटो दुसऱ्याला देत होतो. शेवटी ठरवलं, निदान खोटं तरी एका माणसापाशी कबूल करू. पाकीट खिशात घातलं आणि तुमच्या घरी गेलो.

भाभीजी गॅलरीत मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. शपथेचंही. त्या मेथी निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "ते घरी येऊन म्हणाले, वसंताने जाळली. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? पण मला फार वाईट वाटलं. त्या दोन वर्षांतला माझा नवरा कुठल्याच फोटोत नाही. तो कसा दिसायचा ते माझ्या एकटीच्याच डोळ्यांपुढे आहे. मी मेले की गेला."

मी पाकीट पुढे केलं. सकाळीच एक प्रिंट काढून ठेवली होती. त्यांनी हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि फोटो इतका जवळ धरला की मला वाटलं, त्यांना दिसत नसेल. दिसत होतं. त्यांनी कानामागे राहिलेल्या त्या बटेवर बोट ठेवलं.

"ही राहिली," त्या म्हणाल्या. "घाईत कापले. शिलाईची कात्री होती. ते म्हणत होते, नको, मारू देत मला. मी म्हटलं, तुम्हाला मारतील, मग मी आणि ही पोर काय करू? खाली बसवलं आणि कापले. त्यांनी नाही कापले, वसंतभाऊ. मी कापले. ते जन्मभर लाजले. मला एक दिवस लाज नाही वाटली. मला नवरा जिवंत हवा होता."

मी म्हणालो, पण ते नाही म्हणाले होते. भिंतीवर नको म्हणाले होते.

"त्यांचं नाव देणार म्हणून नका घालू. त्यांनी नाहीच दिला." भाभीजींनी चष्मा काढला. "माझं घाला. ही माझी पण गोष्ट आहे. मला कुणी विचारलंच नाही. तुम्ही दोघं दर रविवारी टेबल मांडून सगळ्या गावाला विचारायचे, आणि मी खाली रोट्या लाटायचे."

दारजी, हे मात्र आपल्या दोघांना लागू आहे. तीन वर्षांत आपल्या डोक्यात आलं नाही. मी तिथेच वही काढली आणि त्यांना विचारलं, तुम्ही विचारायचात तसं. कुठून निघालात ते त्यांनी सांगितलं. कुठे उतरलात? पिंपरी स्टेशनात, कडेवर गुरप्रीत, हातात एक ट्रंक. पहिली भाकरी? त्या हसल्या. शेजारच्या खोलीतल्या बीडच्या बाईंनी ज्वारीची दिली. "मला ती तोडताच येईना. कडक. त्या बाईंनी माझ्या हातातून घेतली, दुधात कुस्करली आणि मला लहान मुलासारखी भरवली. नाव विसरले त्यांचं. सहा महिन्यांत खोली सोडून गेल्या." हे तुम्हाला माहीत होतं का? मला वाटतं नसेल. तुम्ही तेव्हा कामाच्या शोधात भोसरीत फिरत असाल.

निघताना मी विचारलं, फोटोखाली नाव काय लिहू? म्हणाल्या, "कुलदीपसिंग. आणि खाली लिहा, दोन वर्षं शर्मा. मी पण दोन वर्षं शर्मीण होते, चांगली होते."

त्या रविवारी फोटो लागला. गुरप्रीतला आदल्या दिवशी भाभीजींनी सगळं सांगितलं होतं. ती समोर उभी राहिली आणि म्हणाली, "काका, इथे पप्पा माझ्यापेक्षा लहान आहेत." मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. लोक येत होते, वाचत होते. मला धास्ती होती, कुणीतरी कुजबुजेल. तेजकौर बीजींनी खुर्ची जवळ घ्यायला सांगितली, फोटो बघितला आणि "देखणा होता" एवढंच म्हणाल्या. जोगिंदरसिंग आले. उभ्याउभ्या वाचलं, दोनदा वाचलं आणि जिना उतरून निघून गेले. त्या दिवशी ते लंगरलाही थांबले नाहीत. मला वाटलं, आता कमिटीत वादळ होणार. आणि तुमची हीच भीती होती, म्हणजे तुमचंच खरं होतं, असं मनाशी म्हणत मी घरी गेलो.

काल रविवार होता. टेबल मी एकट्यानेच मांडलं. दिवाण संपला, आणि जोगिंदरसिंग येऊन समोरच्या खुर्चीवर बसले. तुमची खुर्ची रिकामीच होती. त्यांनी खिशातून पाकीट काढलं, पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक छोटा फोटो काढला आणि माझ्यापुढे ठेवला. तरुण पोरगा. केस कापलेले. भुवयांच्या वर गोरं कपाळ, खाली रापलेला चेहरा. कुठल्या गावच्या फोटोवाल्याने काढला होता कुणास ठाऊक, त्याने सारखं करून दिलं नव्हतं.

"त्याच हिवाळ्यातला हाय," ते म्हणाले. "देणार, जोगिंदरसिंग. लिही."

मी लिहिलं. मी विचारलं, दारजींना हे कधी बोलला होता का?

"कुलदीपला?" ते म्हणाले. "त्याला कसं सांगनार? तो किती पक्का मानूस. मला वाटायचं, ह्याला कळलं तर हा माझ्या शेजारी बसायचा न्हाई."